सोल गाण्यांच्या रेगे आवृत्त्या: जुन्या सिंगल तबकड्या कशा पारखाव्यात

१९६० आणि १९७० च्या दशकांत जमैकातील गायकांनी अमेरिकन सोल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण शैलीतील गाणी, रेगे या आपल्या संगीतशैलीत आणि तिच्या आधीच्या शैलींत मोठ्या संख्येने नव्याने गायली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील रेडिओ केंद्रे जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये ऐकू येत आणि साउंड सिस्टिमचे (नाचासाठी तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या ध्वनियंत्रणांचे) मालक अमेरिकेतून तबकड्या आणत, त्यामुळे ‘द इम्प्रेशन्स’सारखे अमेरिकन गट तिथल्या गायकांना तोंडपाठ होते. या आवृत्त्यांच्या सात इंची सिंगल तबकड्या जमवू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी, ती म्हणजे लेबलावर छापलेल्या मजकुरावर पूर्ण विसंबता येत नाही.

पहिली पायरी: मूळ गाणे ओळखावे

‘द टेक्निक्स’ या जमैकन गटाचे १९६७ चे ‘क्वीन मॅजेस्टी’ हे निर्माते ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आयल या ध्वनिमुद्रण कंपनीतून आलेले गाणे वस्तुतः ‘द इम्प्रेशन्स’चे गीतकार कर्टिस मेफिल्ड यांचे ‘मिन्स्ट्रेल अँड क्वीन’ आहे, परंतु केवळ नावावरून ते कोणाच्या लक्षात येणार? जमैकात १९९३ पर्यंत १९११ चाच ब्रिटिश कॉपीराइट कायदा लागू होता आणि त्याची अंमलबजावणी ढिली होती. त्यामुळे मूळ गीतकाराच्या जागी गायकाचे किंवा निर्मात्याचे नाव छापलेले सर्रास आढळते. म्हणून मूळ गाणे आणि जमैकन आवृत्ती लागोपाठ ऐकावी. चाल बहुधा तीच राहते, पण गिटारचा आघात ठेक्याच्या मधल्या जागेवर सरकतो आणि बास पुढे येतो. लय संथ आणि बास ठळक असेल, तर ते साधारण १९६६ ते १९६८ मधील रॉकस्टेडी, म्हणजे रेगेच्या आधीची जमैकन शैली, असण्याची शक्यता मोठी, तर लय चपळ आणि ऑर्गन खळखळता असेल, तर त्यानंतरचे रेगे. जमवण्यासारखी खरी चीज माझ्या मते रॉकस्टेडीच आहे, कारण सोलमधील आर्जव त्या संथ लयीत अधिक खुलते.

दुसरी पायरी: तबकडी कुठली, ते ठरवावे

जमैकन तबकडीचे मधले छिद्र बहुधा मोठे असते, तर ब्रिटिश तबकडीचे लहान, आणि तिचा मधला भाग अनेकदा काढता येण्याजोगा असतो. मात्र अपवाद इतके आहेत की छिद्र पाहून निर्णय देऊ नये. गाणे संपल्यानंतर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीच्या साच्याचा क्रमांक, भिंगाने वाचावा. उदाहरणार्थ, ‘एफआरएम’ ही अक्षरे किंग्स्टनच्या फेडरल या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतात. तरीही जुन्याच साच्यावरून पुढे अनेक वर्षांनी तबकड्या काढल्या गेल्याने, क्रमांकाबरोबर लेबलाचा रंग, अक्षरवळण आणि छापलेला पत्ताही ताडून पाहावा. कोऱ्या लेबलाच्या तबकड्याही मिळतात, आणि तिथे कानावरच भिस्त ठेवावी लागते.

ब्रिटिश आवृत्ती ऐकायला नेमकी तीच असेल, असेही नाही. जमैकन गायक बॉब अँडी आणि मार्शिया ग्रिफिथ्स यांनी गायलेले अमेरिकन गायिका नीना सिमोन यांचे ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ १९७० मध्ये ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, ते लंडनमध्ये व्हायोलिनवृंद जोडून. हा वृंद काहींना गोड वाटतो. मला तो आवाजांवर चढवलेला मुलामा वाटतो.

तिसरी पायरी: प्रत तपासावी

तिरप्या उजेडात धरून ओरखडे पाहावेत. नखाला जाणवणारा ओरखडा वाजताना बहुधा टकटकतो. जमैकात अनेकदा हलके किंवा पुन्हा वितळवलेले व्हिनाइल वापरले जाई, त्यामुळे दिसायला स्वच्छ असलेली प्रतही खरखरते; तेव्हा दुरून खरेदी करताना विक्रेत्याकडून ध्वनिनमुना मागवावाच. छिद्र केंद्रापासून सरकलेले असेल तर सुर डोलतो, आणि सोलमधील लांबवलेल्या स्वरांत हा दोष सर्वाधिक खटकतो.

चौथी पायरी: स्वच्छ करून वाजवावी

डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश वापरून खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे आणि तबकडी पूर्ण वाळू द्यावी. मोठ्या छिद्रासाठी अडॅप्टर बसवून वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांवर ठेवावा. बहुतेक जुनी ध्वनिमुद्रणे मोनो असल्याने अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असल्यास ते दाबावे. खरखर बरीच कमी होते. दुसरी बाजूही अवश्य ऐकावी, कारण १९७० नंतर तिथे अनेकदा त्याच गाण्याचे गायनविरहित ‘व्हर्जन’ असते, आणि बास व ढोल यांनी मूळ सोल गाण्याचे काय केले आहे, ते तिथे उघड होते.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी जुनी कागदी पाकिटे बदलावीत, कारण बुरशी आधी कागदाला लागते आणि मग खाचांत उतरते.