जुना हात, नवी गाडी: या चुका टाळा

तीस-चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: हल्ली कोणाला गाडी चालवता येत नाही. तक्रारीत तथ्य आहे, ते पुढे येईलच. पण त्याच माणसाच्या हातापायांत मुरलेल्या सवयी कार्ब्युरेटर, चोक आणि ड्रम ब्रेकच्या गाडीवर बसलेल्या आहेत. त्यातल्या काही आजही जशाच्या तशा उपयोगी पडतात, काही नुसत्या निरुपयोगी आहेत आणि चार-पाच चक्क धोक्याच्या. धोक्याच्या आधी घेऊ.

ब्रेक दाबणं-सोडणं

निसरड्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, हे जुनं शिक्षण त्या काळी बरोबर होतं. चाक लॉक झालं की गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाही. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, नेमकं हेच काम करतं, पण सेकंदाला दहा-पंधरा वेळा आणि चाकागणिक वेगळं. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजमध्ये आली, तेव्हापासून अशा गाड्यांत हे काम पायाकडे राहिलेलं नाही. एबीएसच्या गाडीत पाय पंपासारखा मारला, तर प्रत्येक वेळी दाब सुटतो आणि थांबायचं अंतर वाढतं.

म्हणून अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा, गिअरची गाडी असेल तर क्लचही दाबा, आणि गाडी उभी राहीपर्यंत पाय उचलू नका. पेडल पायाखाली थरथरेल, गर्रगर्र आवाज येईल. तो बिघाड नाही. नेमकं इथेच अनुभवी माणूसही दचकून पाय काढतो. ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं, तेव्हा पुढच्या अडथळ्याला वळसा घाला. ही थरथर ओळखीची व्हावी म्हणून मोकळ्या, रिकाम्या जागेत ताशी ३०-४० किमी वेगाने एकदा जोरात ब्रेक मारून पाहावा.

सैल खडी, वाळू किंवा ताज्या बर्फावर मात्र एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते, कारण लॉक झालेल्या चाकापुढे जो ढीग साचून गाडी अडते, तो इथे साचत नाही. आणि डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा चालू राहिला, तर साधा ब्रेक चालतो पण एबीएस बंद असतं. अशा वेळी जुना पाय कामाला येतो. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नका.

उतारावर न्यूट्रल

अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून उतारावर न्यूट्रल मारण्याची सवय सर्वांत चिवट आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणाऱ्या, इंजिनात तिच्याने उलटाच परिणाम होतो. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच फिरत राहावं लागतं, म्हणजे ताशी साधारण अर्धा ते एक लिटर जळतंच. शिवाय इंजिनचा रोध गेला, की सगळा भार ब्रेकवर येतो.

लांब उतारावर पॅड तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हा जुना नियम इथे अजून लागू आहे. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, ते दिसायला स्वच्छ असलं तरी.

इंजिन बंद करून घरंगळणं तर विचारूच नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढली तर लॉकच.

स्टिअरिंगवरचे हात

घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी हात, असं पूर्वी शिकवत. तेव्हाचं स्टिअरिंग मोठं आणि जड होतं, त्यामुळे वरून ओढायला जोर मिळायचा. आता मधल्या भागात एअरबॅग आहे आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. हात वर असले तर तेच चेहऱ्यावर आदळतात. नऊ आणि तीन ही जागा धरा. वळताना हात एकमेकांवरून नेण्यापेक्षा चाक एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत न्या, आणि स्टिअरिंगच्या आतून उलट्या पंजाने धरून वळवणं तर सोडाच. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंमी अंतर ठेवा. बुटक्या चालकाने सीट पुढे ओढून घेण्यापेक्षा सीटची उंची आणि स्टिअरिंगची उंची बदलून पाहावी.

पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवायचा. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाइतका वर हवा. बऱ्याच गाड्यांत तो कारखान्यातून आला तसा खाली दाबलेलाच असतो.

क्लच शोधणारा डावा पाय

गिअरच्या गाडीवरून ऑटोमॅटिकवर आलेल्यांची ही हमखास चूक. गोंधळात डावा पाय क्लच समजून रुंद ब्रेकवर जोरात पडतो आणि मागचा येऊन धडकतो. डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे डावीकडच्या नुसत्या टेकूवर, टेकवून विसरून जा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. दोन पायांनी चालवणारे घाबरले की दोन्ही पेडल एकदम दाबतात. गाडी हळूहळू सरकवताना उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकलेली असावी आणि अ‍ॅक्सिलरेटरकडे फक्त पंजा वळावा, म्हणजे दचकल्यावर पाय ब्रेकवरच येतो.

उभी करतानाचा क्रम: ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, एन (न्यूट्रल) टाका, हँडब्रेक लावा, पायाचा ब्रेक हलकेच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, आणि मग ब्रेक दाबून पी (पार्क) टाका. नाहीतर उतारावर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर राहतं आणि निघताना खटकन दणका बसतो.

बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक पाहून जुन्यांना वाटतं, ब्रेक फेल झाला तर आता ओढायला काही उरलं नाही. बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत तेच बटण ओढून धरून ठेवलं की गाडी नियंत्रित ब्रेक लावते. आपल्या गाडीत कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा.

सेल्फ मारण्याआधी आणि बंद करताना

अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून सेल्फ मारणं कार्ब्युरेटरसाठी होतं. इंजेक्शनच्या गाडीत त्याने काही होत नाही. पाच-दहा मिनिटं जागेवर गरम करणंही तसंच. अर्धा-एक मिनिट पुरे, मग तापमानाचा काटा वर येईपर्यंत हलक्या पायाने चालवा, आरपीएम अडीच हजारांच्या आत. गाडी नुसती उभी ठेवली तर इंजिन उशिरा तापतं आणि गिअरबॉक्स व टायर थंडच राहतात. बंद करण्याआधी रेस देणं तर टर्बोच्या गाडीत नुकसानीचं आहे: टर्बाइन जोरात फिरत असते आणि तेलाचा दाब मात्र गेलेला असतो. हायवेवर दामटून किंवा घाट चढून आला असाल, तर मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवून मग बंद करा.

सर्वांत महाग पडणारी जुनी युक्ती म्हणजे अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढणं. बॅटरी व्होल्टेजचे झटके पचवत असते. ती निघाली की झटका थेट ईसीयूला बसतो. त्याऐवजी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत एजीएम किंवा ईएफबी प्रकारची, वारंवार चालू-बंद झेलणारी बॅटरी असते. तिथे साधी स्वस्तातली बसवली तर ती लवकर मान टाकते.

धक्का मारून गाडी चालू करायचे दिवसही सरले. ऑटोमॅटिकमध्ये ते जमतच नाही. पेट्रोलच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. जम्पर केबल ठेवा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलटा क्रम.

इंजिन ऑइल "जरा जाड" टाकण्याचा सल्लाही अजून फिरतो. २०डब्ल्यू-५० हे जाड तेल सैल फटींच्या इंजिनांना चालत होतं. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ तेलं लिहिलेल्या इंजिनात तेलाच्या वाटा अरुंद असतात, व्हॉल्व्हचं टायमिंगही त्याच तेलाच्या दाबावर चालतं. डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचंच तेल हवं. आणि डीपीएफची गाडी फक्त कोपऱ्यावर जायला वापरू नये. काजळी जळायला अधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटांची मोकळी, वेगाची धाव लागते. ती मिळाली नाही तर जादा डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, तेल बदला.

टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये मारावी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नका. टायर-प्रेशरचा दिवा आहे म्हणून तपासणी सोडू नका, अनेक गाड्यांत तो जवळजवळ पाव हवा गेल्यावरच लागतो.

तक्रार जिथे खरी आहे

पुढच्या गाडीला चिकटून चालणं. पूर्वी आवाज, हादरे आणि वारा वेगाची जाणीव करून देत. आता ताशी १०० किमीला गाडीत कुजबुज ऐकू येते आणि चालकाला वेग जाणवतच नाही. त्या वेगाला सेकंदाला २८ मीटर जातात. स्क्रीनवर एसी शोधायला दोन सेकंद घालवले तर ५६ मीटर न पाहता कापले. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, गाडी कितीही महागडी असो. पुढची गाडी खांबाजवळून गेली की मोजायला लागा, दोन सेकंदांच्या आत तिथे पोहोचलात तर मागे राहा. पावसात चार.

दिवे. इथे नवे चालक खरोखर बेफिकीर आहेत. समोरची डीआरएल (दिवसा लागणाऱ्या दिव्यांची) पट्टी आपोआप लागते, डॅशबोर्डही उजळलेला असतो, म्हणून दिवे चालू आहेत असं वाटतं. पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलवर मागचे दिवे लागत नाहीत. संध्याकाळी, पावसात, धुक्यात स्विच हातानेच फिरवा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला की प्रकाश ठरलेल्या जागेवरून सुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डिपर मारून काही उपयोग नसतो, कारण तो आधीच डिपवर असतो. पावसात चारही इंडिकेटर लावून चालणं हाही तसाच प्रकार: बहुतेक गाड्यांत मग वळणाचा इंडिकेटर दिसत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रात्री डोळे दिपतात याचा सगळा दोष समोरच्या दिव्यांचा नसतो. साठीत दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि मोतीबिंदू सुरू झाला की प्रत्येक दिव्याभोवती वलय येतं. आधी काच आतून पुसा, मग डोळे तपासा. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे गाडीत फारसे काळे होत नाहीत, कारण समोरची काच अतिनील किरण अडवते. रात्रीचे पिवळे चष्मे घेऊ नका, ते उरलासुरला प्रकाशही कमी करतात.

मान पूर्ण वळत नसेल तर बाहेरचे आरसे बाहेर उघडा. डोकं चालकाच्या बाजूच्या काचेला टेकवून त्या बाजूचा आरसा इतका फिरवा की आपल्या गाडीची कडा जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मधोमध आणून दुसरा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसणार नाही आणि सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. मधल्या आरशातून निसटलेली गाडी आता बाजूच्या आरशात येते. लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर तरीही हवीच.

स्टिअरिंग हाताशी भांडतंय

लेन असिस्टच्या, म्हणजे लेन सुटू लागली की स्टिअरिंग स्वतःच वळवणाऱ्या, गाड्यांबद्दल ही तक्रार सतत येते. बहुतेक वेळा कारण एकच: इंडिकेटर न देता लेन बदलणं. इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्या स्टिअरिंग ओढायचं थांबवतात. पट्टे पुसलेल्या किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावर ही सोय बंदच ठेवा. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझला (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप राखणारी सोय) चालत्या गाड्या चांगल्या दिसतात, पण रांगेच्या शेवटी उभ्या गाडीकडे अनेक यंत्रणा दुर्लक्ष करू शकतात, म्हणून पुढे गर्दी दिसली की पाय ब्रेकवर आणा. समोरची काच बदलली तर वरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा जुळवणं) करून घ्या आणि त्याच्यासमोर स्टिकर, झालर, लटकन काही लावू नका. कॅमेरा किंचित तिरका बसला तरी यंत्रणेला लेन भलतीकडेच दिसते, आणि तेव्हा स्टिअरिंग इंडिकेटर देऊनही भांडतं.