प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी: हॅझर्ड असेसमेंट लिहिण्याची तयारी

हॅझर्ड असेसमेंट म्हणजे कुठल्या प्रयोगात काय धोका आणि त्यावर काय उपाय, याची नोंद. ती लिहायला बसण्याआधी गेल्या वर्षीची फाइल कपाटात ठेवून द्या. ती समोर असली की हात आपोआप नक्कल करू लागतो. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये 'प्रयोग फ्यूम हूडमध्ये करावा' हे वाक्य दरवर्षी उतरवलेलं होतं आणि त्या हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, जुन्या जर्नलांचे गठ्ठे रचलेले होते. म्हणून आधी रिकाम्या लॅबमध्ये फेरी मारा, तीही लॅब अटेंडंट मामांना बरोबर घेऊन. कुठल्या बर्नरची नळी तडकलीय, लाइट गेली की एक्झॉस्ट किती वेळ बंद राहतो, हे त्यांना पाठ असतं. डोळ्यांत ॲसिड गेलं तर किमान १५ मिनिटं धुवावं लागतं. तेवढा वेळ नळाला पाणी टिकतं का, घड्याळ लावून बघा.

मग टर्मच्या प्रयोगांची यादी घ्या. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, हाताशी हवी, तिच्या १६ विभागांपैकी दुसरा धोक्यांचा, चौथा प्रथमोपचाराचा, तेरावा विल्हेवाटीचा. पण शीट बाटलीबद्दल बोलते, वीस मुलांच्या बॅचबद्दल नाही. लॅसेन टेस्टच घ्या, म्हणजे सेंद्रिय नमुना सोडियमबरोबर तापवून त्यातली मूलद्रव्यं ओळखायची चाचणी. सोडियमची शीट वाचून तापून लाल झालेली इग्निशन ट्यूब चायना डिशमधल्या पाण्यात बुडवतानाचा क्षण कळत नाही. ट्यूब फुटते, आत सोडियम उरलं असेल तर भडका उडतो, आणि नेमकं तेव्हाच पोरं वाकून बघत असतात. सोडियम पुसलेला टिपकागद कचऱ्याच्या डब्यात गेला, तर पावसाळ्यात तिथल्या ओलाव्यानंही पेट घेऊ शकतो. नमुन्यात क्लोरोफॉर्मसारखं काही असेल तर स्फोटाचा धोका. हे सगळं क्रमानं लिहा, आणि प्रत्येक पायरीपुढे उपाय: सोडियमचे छोटे तुकडे शिक्षकांनीच कापून द्यायचे, डिशवर लगेच तारेची जाळी ठेवायची, उरलेले बारीक तुकडे थोडे थोडे करून कोरड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, जवळ बर्नर पेटता नको. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: हे प्रत्येकानं करायलाच हवं का? एकदा करून दाखवलं तर चालेल? गॉगल हा शेवटचा उपाय, पण आपल्याकडे यादीची सुरुवातच त्याच्यापासून होते.

सॉल्ट ॲनालिसिसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वापरत असाल तर 'वास आल्यास बाहेर जावे' असं लिहू नका. हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आसपास गेलं की नाक बधिर होतं, वास येतच नाही.

नाशिकचे ऋतू नोंदीत यायला हवेत, ते कुठल्या छापील नमुन्यात सापडणार नाहीत. ईथर ३४.६ अंशांना उकळतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा त्याच्या पुढे असतो. लिकर अमोनियाची (अमोनियाच्या तीव्र द्रावणाची) बाटली तेव्हा गार करून, हूडमध्येच उघडायची. डिसेंबरात उलटा प्रकार. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांखाली गोठतं, आणि सकाळच्या बॅचला ते बाटलीत घट्ट बसलेलं सापडतं. मग कुणीतरी बाटली बर्नरवर धरतं. झाकण सैल करून कोमट पाण्यात ठेवायची, एवढं एक वाक्य त्या पानावर असू द्या.

टाकाऊ द्रवांसाठी बाटल्या आधीच लेबल लावून मांडा: क्रोमियमची वेगळी, चांदीची वेगळी. बेसिनमध्ये ओतलेलं शेवटी गोदावरीच्या वाटेला लागतं. टॉलेन्स रिएजंट (अल्डिहाइड ओळखायचं चांदीचं द्रावण) उद्यासाठी ठेवायचा नाही, त्यात स्फोटक गाळ तयार होतो. त्याच दिवशी सौम्य नायट्रिक ॲसिड घालून चांदीच्या बाटलीत.

तोंडानं पिपेट ओढणं, लोंबती ओढणी, मोकळे केस हे माहीत असतंच. एका ओळीत उरका. १०८ आणि ११२ हे नंबर मात्र मोठ्या अक्षरांत हवेत, आणि सुटीच्या दिवशी मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते तेही.

भाषा मराठी ठेवा. सुरगाणा-पेठकडून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला ते एका वाचनात कळलं पाहिजे. सही करण्याआधी कागद मामांना द्या, आणि 'सर, हे आपल्याकडे होत नाही' असं ते जिथे म्हणतील तिथे खोडून जे होतं ते लिहा. मग तारीख टाकून एक प्रत प्रयोगाच्या टेबलाजवळ चिकटवा. टर्ममध्ये काही सांडलं, फुटलं, तर त्याच प्रतीवर लाल पेनानं लिहीत जा.