डुप्लेक्सरच्या कॅव्हिटींमधली केबल किती लांब ठेवायची

डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालवू देणारी फिल्टरची जोडणी, आणि कॅव्हिटी म्हणजे त्यातले फिल्टरचे धातूचे डबे. कॅव्हिटी ट्यून करायला लोक आठवडा घालवतात आणि मधली केबल मात्र हाताला येईल ती लावतात, असं अजिबात करू नका. एक नॉच कॅव्हिटी (एकच नको असलेली फ्रीक्वेन्सी दाबणारी) ३० डीबी, म्हणजे डेसिबल, इतकं दाबत असेल तर अशा दोघींच्या मधे पाव वेव्हलेंथ (तरंगलांबी) ठेवली की मिळून ६६ डीबीच्या आसपास मिळतात, आणि तिथेच अर्धी वेव्हलेंथ पडली तर जेमतेम ३६. कॅव्हिटी त्याच हां!

हिशोब सोपा आहे. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की वेव्हलेंथ, म्हणजे १४५ ला २.०७ मीटर, त्याचा पाव ५१.७ सेंटीमीटर, मग त्याला केबलच्या व्हेलॉसिटी फॅक्टरने (केबलमधे सिग्नल प्रकाशाच्या किती पट वेगाने जातो तो आकडा) गुणायचं. आरजी-२१४ चा ०.६६ म्हणजे ३४ सेंमी, टेफ्लॉनवाल्या आरजी-४०० चा ०.६९५ म्हणजे ३६.

आता खरी गोम. हे ३६ म्हणजे कापायची लांबी नाही, एका टीच्या (कॅव्हिटीवरच्या टी आकाराच्या कनेक्टरच्या) मध्यापासून दुसऱ्या टीच्या मध्यापर्यंतचा सगळा रस्ता त्यात आला, टीचा हात, कनेक्टर, सगळं. मी पहिल्या वेळी नुसती केबलच ३६ कापली, दोन्हीकडे एन कनेक्टर चढवले आणि नॉच काही केल्या खोल जाईना, दोन रविवार त्यातच गेले.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून सुटी केबल आणली असेल तर वर छापलेल्यावर विसंबू नका, आधी मोजा. बरोबर १ मीटरचा तुकडा घ्या, लांबचं टोक उघडं ठेवा, नॅनोव्हीएनएला (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) लावा आणि खालून वर जाताना रिअ‍ॅक्टन्स पहिल्यांदा शून्य होतो ती फ्रीक्वेन्सी बघा, तिला ७५ ने भागलं की व्हेलॉसिटी फॅक्टर. ५२ मेगाहर्ट्झ आली तर ०.६९, म्हणजे टेफ्लॉन, ४९.५ च्या आसपास आली तर ०.६६, म्हणजे साधं पॉलिथिलीन, ६० च्या वर गेली तर आत फोम आहे आणि तुमचं ३६ चं गणित चुकलं.

केबल थोडी आखूडच बनवा आणि मधे एन चा मेल-फीमेल अ‍ॅडाप्टर घालून बघा. नॉच अजून खोल गेला तर लांबी वाढवायला हवी, उथळ झाला तर आहे तेच ठीक किंवा अजून कमी करून बघायचं. पाव वेव्हलेंथ पोचतच नसेल तर पाऊण घ्या, अर्धी नको. आणि एकाच जाळीची आरजी-५८ इथे चालणार नाही, ती गळते, दुहेरी जाळीचीच घ्या, नाहीतर कॅव्हिटीने अडवलेला सिग्नल केबलच्या जाळीतून गळून बाहेरूनच रिसीव्हरला पोचतो.