यूकेत जुनं घर घेतलंय? छतावरची नक्षी घासायला जाऊ नका

स्लाऊ, हाउन्स्लो, हॅरो, लेस्टर, कुठेही सत्तरच्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर) घेतलंत की छतावर ती पंख्यासारखी नाहीतर काटेरी नक्षी असण्याची शक्यता भरपूर. इथे तिला सरसकट आर्टेक्स म्हणतात. जाळी धरते, खोली बुटकी वाटते, मग आपल्या माणसाच्या डोक्यात पहिलं हेच येतं की शनिवारी पॉलिश पेपर मारू, लांबी भरू, झालं. तेवढं मात्र करू नका.

कारण या लेपात १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पांढरा अॅस्बेस्टॉस (धूळ श्वासातून फुफ्फुसात गेली की कॅन्सर करू शकणारं तंतुमय खनिज) मिसळायचे, आणि त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. म्हणजे घर २००० च्या आधीचं असेल तर टेस्ट होईपर्यंत आहे असंच धरून चालायचं. घर घेतानाच्या सर्वेच्या रिपोर्टात 'अॅस्बेस्टॉस असू शकतो' अशी ओळ वाचून घाबरू नका हां, रंगाखाली शाबूत बसलेला लेप काही करत नाही, कोरडं घासून धूळ उडवली की धोका. टेस्ट यूकास (लॅबना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये होते, किट पोस्टाने येतं, मास्क लावून पाण्याने भिजवून थोडंसं खरवडायचं आणि प्रत्येक खोलीचं वेगळं सॅम्पल द्यायचं. भाड्याच्या घरात असाल तर यातलं काहीच स्वतः करू नका, घरमालकाला लिहून कळवा.

अॅस्बेस्टॉस निघाला तरी छत गुळगुळीत करता येतं, फक्त टोकं खरवडायची नाहीत. लेप घट्ट असेल तर त्यावर पकड देणारा ग्रिटवाला (वाळूसारखे कण असलेला) प्रायमर, नक्षी खोल असेल तर बाँडिंग कोटने (खालच्या थराच्या प्लास्टरने) खड्डे भरून वर फिनिश प्लास्टरचे दोन हात, यालाच स्किम म्हणतात, त्यांची जाडी मिळून दोन-तीन मिलिमीटर. स्वस्तातले लोक नुसता पाणी घातलेला पीव्हीए (पांढरा गोंद) मारतात, चालतो, पण छताला मी ग्रिटच सांगेन. ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा वर बाथरूम गळून डाग पडलेला असेल तर प्लास्टरचं वजन त्या लेपाला झेपणार नाही, तिथे सरळ खालून प्लास्टरबोर्ड (जिप्समच्या पाट्या) जॉइस्टना, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांना, स्क्रूने मारून त्यावर स्किम. स्क्रूसुद्धा लेपात घुसतोच, म्हणून लॅबचा रिपोर्ट प्लास्टररला आधी दाखवा. जो म्हणेल "काही होत नाही हो, घासून टाकतो" त्याला चहा पाजून परत पाठवा.

स्वतः स्किम करायचा मोह होतो, यूट्यूबवर सोपं दिसतं, पण इथला फिनिश पॉलिश पेपरने येत नाही. प्लास्टर ओढायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागलं की नेमक्या वेळी थापी फिरवून तो काढावा लागतो, माल तासा-दीड तासात धरतो, आणि हे सगळं मान वर करून. हात बसवायचाच असेल तर आधी कपाटामागची भिंत घ्या.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात काम काढू नका, ओल्या प्लास्टरचा गडद गुलाबी रंग जाऊन सगळीकडे एकसारखा फिका व्हायला आठवडा तरी लागतो, थंडीत जास्तच, आणि घाईने हीटर फुल्ल केला की तडे. नंतर पहिला हात साध्या मॅट इमल्शनमध्ये बरंच पाणी घालून द्यायचा, त्याला मिस्ट कोट म्हणतात, तो न देता घट्ट रंग लावला तर पापुद्रे निघतात. आणि प्लास्टररचे शेवटचे पैसे देण्याआधी संध्याकाळी टॉर्च छताला चिकटवून आडवा मारून बघा, दिवसा न दिसणाऱ्या लाटा लगेच दिसतात.