द शायनिंग थिएटरमध्ये परत बघणार असाल तर

तिकीट काढायच्या आधी शो किती मिनिटांचा आहे ते बघा. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकच्या या १९८० च्या हॉरर सिनेमाची अमेरिकन प्रिंट साधारण १४४ मिनिटांची आहे आणि युरोपात चाललेली ११९ ची. डॉक्टर घरी येते आणि जॅकची बायको वेंडी तिला त्यांच्या लहान मुलाच्या, डॅनीच्या हाताला काय झालं होतं ते सांगते, तो अख्खा सीन छोट्या प्रिंटमध्ये नाहीये, आणि त्याच सीनमुळे आपल्याला जॅकची भीती ते हॉटेलला पोचायच्या आधीच वाटायला लागते. चॉईस असेल तर लांबवालीच घ्या.

सीट मधल्या रांगेत, थोडी पुढेच घ्या. उशिरा तर अजिबात जाऊ नका, कारण सुरुवातीला डोंगरातून जाणारी ती एवढीशी पिवळी गाडी लॅपटॉपवर नुसती गाडी वाटते, इथे पोटात गोळा येतो.

गोष्ट माहीतच आहे ना, मग यावेळी कान उघडे ठेवा. डॅनी तीनचाकी सायकल फिरवतो तेव्हा लाकडी फरशीवर खडखड, गालिच्यावर एकदम गप्प, परत खडखड, आणि स्टेडिकॅम (पळतानाही न हलणारा कॅमेरा) त्याच्या मागे जमिनीलगत पळतोय, थिएटरच्या स्पीकरवर ती गप्प जागाच जास्त घाबरवते, प्रत्येक वळणाला मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

आणि जॅककडे बघणं कमी करा, खरंच. त्याच्या मागे बघा. मॅनेजरच्या ऑफिसला खिडकी आहे, पण ते ऑफिस हॉटेलच्या आत आहे, तिथे बाहेरचा उजेड येणारच कुठून? जॅक टाइप करताना वेंडी येते तेव्हा त्याच्या मागची खुर्ची गायब होते आणि परत येते. मुद्दाम की चूक यावर लोक अजून भांडतात, पण पडद्यावर ते अंगावर येतं हे नक्की. जिन्यावरच्या सीनला मात्र फक्त वेंडी झालेल्या शेली डुव्हलचे बॅट धरलेले हात बघा, तिचं काम किती मोठं आहे ते मला थिएटरमध्येच कळलं.

सोबत कुणी पहिल्यांदा बघणारं असेल तर कोपरानं ढोसून "आता बघ" करू नका प्लीज.

शेवटी ४ जुलै १९२१ चा फोटो येतो आणि लोक उठायला लागतात. तुम्ही बसा. नावं संपत येतात, ते जुनं बॉलरूमचं गाणं थांबतं आणि मग टाळ्या आणि माणसांची कुजबुज ऐकू येते, अंधारात क्षणभर वाटतं आपल्याच मागच्या रांगेतून येतेय.