नऊ एमएमची काडतुसं घरी भरायची? आधी गोळी ठरवा, मग डाय

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. भारतात मात्र शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, म्हणून तिकडच्यांनी हे फक्त वाचावं.

नवखा माणूस आधी डायचा (काडतुसाचे भाग दाबून मापात बसवणाऱ्या साच्यांचा) सेट घेतो आणि मग गोळ्या शोधत बसतो. उलट करा.

१. व्यास पाहा, नावावर जाऊ नका. ‘३८ स्पेशल’ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची जाकीटवाली (वरून तांब्याचं आवरण असलेली) गोळी असते ०.३५७ इंचाची! नऊ एमएम लुगरला तांब्याचं जाकीट असलेली ०.३५५ आणि शिशाची साधारण ०.३५६ लागते. पिस्तुलाचं माहितीपत्रकही वाचा. ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांच्या बहुकोनी नळीत नुसतं शिसं वापरू नका, असं कंपनीच सांगते.

२. वजन आणि आकार. नऊ एमएममध्ये ११५, १२४ आणि १४७ ग्रेन (गोळी तोलायचं छोटं एकक) ही नेहमीची वजनं. सुरुवातीला १२४ ग्रेनची गोल नाकाची जाकीटवाली घ्या. ती सहज सरकते आणि काडतुसं भरण्याच्या बहुतेक पुस्तकांत तिच्यासाठी दारू किती, लांबी किती याची आकडेवारी सापडते. पुस्तकात नसलेली गोळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बंदुकीच्या दारूचं माप अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

३. आता डाय. कार्बाइडचाच सेट घ्या, पुंगळ्यांना (काडतुसाच्या कवचांना) तेल चोपडायची कटकट वाचते. पहिली डाय पुंगळी मापात आणते आणि जुना प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) काढते, दुसरी तोंड किंचित फुलवते, तिसरी गोळी बसवते. आटे बहुतेक सगळ्यांचे ७/८-१४, त्यामुळे प्रेस (डाय बसवून दाबायचं यंत्र) कुठल्याही कंपनीचा चालतो. तोंड आवळायला मी चौथी, वेगळी टेपर क्रिम्प डाय वापरतो. नऊ एमएमची पुंगळी चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणून कड आत वळवायची नाही, फुलवलेलं तोंड फक्त सरळ करायचं. ३८ स्पेशल मागच्या कडेवर टेकतं, त्यामुळे तिथे रोल क्रिम्प, म्हणजे कड आत वळवणं, चालतो.

गोळी बसवणाऱ्या डायमधली दांडी गोळीच्या नाकाशी जुळायला हवी. गोल नाकाची दांडी चपट्या नाकावर दाबली की कडेला वळ उठतो.

४. नळीत टाकून बघा. मी इथेच फसलो होतो. गोल नाकाच्या गोळीसाठी ठरवलेली काडतुसाची एकूण लांबी चपट्या नाकाच्या गोळीला तशीच लावली. व्हर्नियरवर १.१५ इंच, म्हणजे १.१६९ या कमाल मर्यादेच्या आत. पण चपट्या गोळीचा जाड खांदा पुढे येतो, तो नळीच्या खाचांना टेकला आणि स्लाइड पूर्ण बंद होईना. पन्नास काडतुसं हातोडीच्या पुलरने (गोळी उपसायच्या अवजाराने) एकेक करून ठोकत उघडली.

तेव्हापासून मी दारू आणि प्रायमर न घालता एक डमी बनवतो, नळी पिस्तुलातून काढतो आणि डमी आत सोडतो. ‘टप्प’ आवाज करून ती तळाला गेली, बोटाने मोकळी फिरली आणि नळी उलटी केल्यावर आपसूक बाहेर पडली, तर लांबी बरोबर. अडली तर गोळी थोडी आत बसवावी लागते. पण आत गेलेली गोळी दाब वाढवते, म्हणून त्या लांबीची आकडेवारी पुस्तकात पुन्हा बघायची.

शेवटी डमीचं नाक बाकावर अंगठ्याने जोरात दाबा आणि परत मोजा. लांबी घटली तर पुंगळीची पकड ढिली आहे. अशा वेळी क्रिम्प आवळत बसू नका, दुसऱ्या डायचं फुलवणं कमी करा.