मधुमेहाशी रोज जगताना विनोदाचा आधार कसा घ्यावा
औषध, आहार आणि व्यायाम यांची माहिती दवाखान्यात मिळते. पण रोज बोट टोचणे, ताटातला भात मोजून घेणे आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसीच्या (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) निकालाची धास्ती बाळगणे वर्षानुवर्षे निभवायचे कसे, हे घरीच शिकावे लागते. त्या कामी विनोद खरोखर उपयोगी पडतो. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे: हसायचे ते आजारामागच्या कटकटींना, आजारी माणसाला नव्हे.

सुरुवात ग्लुकोमीटरपासून, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रापासून करावी. सकाळी उपाशीपोटी 190 आकडा दिसला की अनेकांना गुन्हा केल्यासारखे वाटते आणि काही जण तर तपासणेच सोडून देतात. म्हणून यंत्राला घरात एखादे नाव द्यावे, समजा ‘हेडमास्तर’. “आज हेडमास्तर खवळलेत” असे म्हणत आकडा सर्वांसमोर वाचला गेला, की त्यातली शरम जाते आणि नुसती माहिती उरते. हसून झाल्यावर आकडा वहीत लिहावा. आदल्या रात्री काय, किती आणि केव्हा खाल्ले तेही लिहावे. हे टाळले तर तो विनोद पळवाट ठरतो.

लग्नाच्या पंगतीत “एका जिलेबीने काय होतंय!” हा आग्रह होणारच. त्यासाठी उत्तर तयार ठेवावे: “माझ्या वाटणीची जिलेबी तुम्ही घ्या, तुमच्या वाटणीची कोशिंबीर मी घेतो.” वाढणारा हसून पुढे जातो आणि भर पंगतीत आपल्या आजाराची कहाणी सांगावी लागत नाही.

थट्टेचा पहिला हक्क रुग्णाचा आहे, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. “चहात साखर कशाला, तुम्हीच बोट बुडवा” हे पहिल्यांदा गमतीचे वाटते, दहाव्यांदा बोचते. टाइप 1 मधुमेह (बहुधा लहानपणीच होणारा, रोज इन्सुलिन घ्यावे लागणारा प्रकार) असलेल्या मुलाच्या बाबतीत तर ते मूल स्वतः हसेपर्यंत कोणीही थट्टा सुरू करू नये.

जपानमध्ये टाइप 2 (बहुधा मोठेपणी होणाऱ्या प्रकारच्या) मधुमेहींवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, कंटाळवाण्या व्याख्यानाच्या तुलनेत विनोदी कार्यक्रम पाहिल्यावर जेवणानंतरची साखर कमी वाढल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. हे उत्साह वाढवणारे आहे, पण त्यावर विसंबून इन्सुलिन किंवा गोळी कमी करणे धोक्याचे आहे.

घाम, थरथर, अकारण चिडचिड ही साखर फार घसरल्याची चिन्हे दिसली तर थट्टा तत्काळ थांबवून साखर तपासावी. ती 70 च्या खाली असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. पायाची जखमही हसण्यावारी नेऊ नये.

कित्येक आठवडे कशानेच हसू येत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना वहीतल्या आकड्यांबरोबर तेही स्पष्ट शब्दांत सांगावे.